कौतुकात उरलेलं नाव

वर्षातलं शेवटचं पत्र लिहायला घेतलं की पत्रवाल्या बाईंचा उजवा खांदा धरायचा. पत्र टाइप तर त्या दर महिन्याला करत, तेव्हा खांदा बापडा गप्प असे. शेवटच्या महिन्यात मात्र उरलेल्या मुलांची नावं समोर आली की तो ठणकायला लागे.

शाळा सहावी, सातवी आणि आठवीची. या इयत्तांची मुलं म्हणजे घरातला सगळ्यात अवघड ऐवज. लहान म्हणावं तर दार आपटतात, मोठी म्हणावं तर दार आपटून आत जाऊन रडतात. त्यांच्या आईबापांना बातम्याही लागतात आणि धीरही, असं मानून शाळेकडून दर महिन्याला प्रत्येक घरी पाठपोट एक कागद जात असे. पुढच्या बाजूला बातम्या: परीक्षा कधी, पालकसभा कधी, उवा झाल्यात तर काय करावं, सापडलेला एकुलता एक बूट कुणाचा आहे. मागच्या बाजूला धीराचे चार शब्द, आणि त्याखाली 'या महिन्याचं कौतुक'. तळाला तुटक रेघ, रेघेखाली पोच. पालकांनी सही करायची, पोच फाडायची आणि मुलाबरोबर परत पाठवायची. पत्रावर सही मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची. लिहिणाऱ्या मात्र ऑफिसातल्या या बाई. त्यांचं खरं काम दाखले देणं, हजेरीपट जुळवणं, फोन घेणं. पण मुलांनी त्यांना पत्रवाल्या बाई करून टाकलं होतं, आणि आता शिक्षकही तेच म्हणत.

नियम मोठ्या बाईंनी केला होता. शाळेत आल्या आल्याच त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं की वर्षभरात प्रत्येक मुलाचं नाव कौतुकात एकदा तरी आलं पाहिजे. एकही मूल कोरं जाता कामा नये. आणि खोटं लिहायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. जे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडणार आहे त्याला लोक जशा मनापासून माना डोलावतात, तशा.

पहिले काही महिने सोपे जात. पळणारी, गाणारी, पहिली येणारी मुलं तेव्हा संपून जात. मग येत चित्रं बरी काढणारी, अक्षर बरं असणारी. आणि शेवटी उरत ती कशातच नसणारी. ना हुशार, ना वांड. ती वर्गात आहेत हे हजेरी घेताना कळे आणि हजेरी झाली की विसरायला होई. त्यांच्याबद्दल शिक्षकांना विचारलं की ते छताकडे बघत आणि म्हणत, "शांत आहे."

मुलं काही दुधखुळी नव्हती. त्यांनी कौतुकाचा कोशच तयार केला होता. 'शांत' म्हणजे सरांना चेहरा आठवत नाही. 'होतकरू' म्हणजे नापास होता होता वाचला. 'उत्साही' म्हणजे तोंड मिटत नाही. 'चौकस' म्हणजे सरांची पंचाईत करतो. 'मदतीस तत्पर' म्हणजे खडू आणायला म्हणून जातो तो तास संपल्यावर उगवतो. हा कोश पत्रवाल्या बाईंना त्यांच्याच मुलीने एकदा जेवताना म्हणून दाखवला होता. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. बाईही हसल्या, पण पुढच्या महिन्यापासून 'शांत' हा शब्द लिहिताना त्यांचा हात अडखळायला लागला.

मुलगी त्याच शाळेत. आता आठवीत.

ती सहावीत होती तेव्हा मराठीच्या शिक्षिकेने कौतुकासाठी तिचं नाव सुचवलं होतं. निबंध बरा लिहिला होता. बाईंनीच ते काढलं. लोक म्हणतील, आईच्या हातात कागद म्हणून लेकीचं नाव घुसवलं. पुढे बघू, एखाद्या शेवटच्या महिन्यात कुणाच्या डोळ्यांवर न येता टाकू, असं ठरवलं आणि शेवटच्या महिन्यात दुसऱ्यांची मुलं उरवायची कशी म्हणून पुन्हा आपलीच वगळली. सातवीतही तेच. तेव्हा मुलीने एकदाच विचारलं होतं, की आमच्या वर्गातले सगळे झाले का. बाईंनी भाजी चिरता चिरता सांगितलं, "झाले की. तुझं काय, तू घरचीच." घरचं माणूस म्हणजे ज्याला करपलेलं वाढलं तरी चालतं ते, हा त्यांच्या आईकडून आलेला हिशेब होता आणि त्यात त्यांना तेव्हा काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मुलीनेही पुढे काही विचारलं नाही.

पण आता हे शेवटचं पत्र. जूनपासून मुलगी दुसऱ्या शाळेत जाणार. सगळी नावं भरली होती आणि एक उरलं होतं. यंदा ते घालायचंच, असं बाईंनी ठरवलं होतं. मुलीलाही ते ठाऊक होतं, कारण ती रोज ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे न बघता बाजूने जायची आणि इतकं न बघणं फक्त बघणाऱ्यालाच जमतं.

प्रश्न एवढाच होता, की लिहायचं काय.

बाई आधी रीतसर वर्गशिक्षकांकडे गेल्या. ते गणिताचे सर. पेपरांच्या गठ्ठ्यात मान घालून बसले होते. तुमचीच मुलगी आणि मला काय विचारता, असं ते हसून म्हणाले. मग बाई हलत नाहीत असं बघून विचार करायला लागले. चांगली आहे, म्हणाले. त्रास नाही काही तिचा.

"सर, त्रास नाही हे कौतुक झालं का?"

"आठवीच्या वर्गात? अहो, आमच्या दृष्टीने तेच मोठं." त्यांनी छताकडे बघितलं. "शांत आहे, असं लिहा ना."

बाई म्हणाल्या, शांत नको. सर म्हणाले, मग सालस लिहा. आणि पुन्हा पेपरांत बुडाले. त्यांचा राग येण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं.

मग बाईंनी ठरवलं, की आपणच बघायचं. आपली मुलगी आहे, आपल्या डोळ्यांसमोर राहते, एक वाक्य सापडायला कितीसा वेळ लागणार? त्या बघायला लागल्या आणि बघता बघता एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दिवसभरात मुलीशी त्या जे काही बोलत ते सगळं आज्ञार्थी होतं. ऊठ. आवर. डबा घे. गॅस बंद कर. आजीला गोळी दे. दाराला कडी लाव. दिवा घालव. मुलगी ते सगळं करत असे, थोडं पाय आपटत, थोडं पुटपुटत; आणि केलं की ते दिसेनासं होई. न केलेलं तेवढं दिसे. सिंकमधला एक चमचा दिसे, धुतलेला ढीग दिसत नसे. संध्याकाळी शाळेतून येऊन, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालून, कुकर लावून त्या खुर्चीत बसत तेव्हा समोर मुलगी अभ्यासाला बसलेली असे. तिच्याकडे टक लावून बघितलं की ती वर न बघता म्हणे, "काय आहे?" आणि बाई म्हणत, "काही नाही. पाठ सरळ कर."

नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींमधल्या लिफ्टच्या उभ्या बोगद्यात लटकून घरी यायचा आणि नखांतलं ग्रीस काढत बसायचा. तो म्हणाला, "लिही, आईला उलट बोलते, पण काम करून बोलते."

"हे शाळेच्या पत्रात जाईल का?"

"मग शाळेला विचार. मला कशाला विचारतेस?"

सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांनी पलंगावरून सांगून टाकलं, "लिही, म्हातारीचं तेच तेच ऐकून घेते. तू तेवढंही घेत नाहीस." बाईंनी ते टोमण्याच्या खात्यात जमा केलं आणि कुकरची शिटी मोजायला गेल्या.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती त्यांना अजून पुरती दिसली नव्हती.

दर महिन्याला पत्रं झेरॉक्स होऊन आली की बाई तो गठ्ठा रविवारी घरी आणत. घड्या घालायला शाळेत कुणाला वेळ नसे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलगी घड्या घाली आणि बाई समोर बसून पुढच्या महिन्याची नावं चाळत. चाळता चाळता सहज विचारत. तो खिडकीजवळचा मुलगा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला, त्याचं काय लिहू गं? आणि मुलगी घडीवरून पट्टी फिरवत, मान वर न करता सांगे, "तो डबा उघडायच्या आधी बाजूच्याने डबा आणलाय का ते बघतो." बाई ते लिहून घेत. त्या फळ्याजवळच्या बुटक्या मुलीचं? "फळा पुसताना वरच्या कोपऱ्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. उड्या मारून पुसते, पण अर्धा सोडत नाही." आणि तो भांडकुदळ? "हरला की भांडतो. पण दुसऱ्या दिवशी आधी तोच बोलायला येतो."

ही वाक्यं पत्रात जात आणि घरोघर पोचत. डब्याच्या मुलाचे वडील पत्र हातात घेऊन शाळेत आले होते. मोठ्या बाईंसमोर बसून म्हणाले, की आमच्या पोराबद्दल आजवर फक्त तक्रारीच ऐकल्या होत्या. मोठ्या बाईंनी नंतर पत्रवाल्या बाईंना बोलावून विचारलं, अहो, हे तुम्हाला कळतं कुठून? बाई म्हणाल्या, कळतं असंच. मुलीचं नाव सांगायचं त्यांना सुचलंही नाही. घरात मिळालेली गोष्ट कुठून आली, हे कोण सांगत बसतं?

म्हणजे शाळेतल्या उरलेल्या मुलांकडे बघणारं एक माणूस होतं, आणि त्या माणसाकडे बघणारं कुणी नव्हतं. बाई याच्या आसपास फिरत होत्या पण अजून तिथे पोचल्या नव्हत्या. त्यांना एवढंच जाणवत होतं, की दर महिन्याला ज्याला विचारायचं त्यालाच या खेपेला विचारता येत नाही.

तरी एक दिवस त्यांनी विचारलंच. मुलगी दोरीवरचे कपडे काढत होती. बाईंनी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, की तुझंच तेवढं राहिलंय, काय लिहू?

मुलीने टॉवेल खांद्यावर टाकला. "नकोच लिहूस."

"असं कसं. नियम आहे."

"नियम दोन वर्षं कुठे होता?" मुलगी म्हणाली. मग थोड्या वेळाने, टॉवेलच्या आडून, "लिहायचंच असेल तर काहीही लिही. भांडखोर लिही, आळशी लिही. फक्त शांत लिहू नकोस."

मसुदा द्यायचा दिवस आला. बाईंनी सगळं पत्र टाइप केलं, धीराच्या चार शब्दांत सुट्टीत मुलांशी कसं बोलावं ते लिहिलं. त्यांना थोडा वेळ प्रश्न विचारू नका, नुसतं जवळ बसा, असं काहीसं. लिहिताना त्यांना स्वतःचं हसू आलं, पण ते ओठापर्यंत यायच्या आत दमून खाली बसलं. कौतुकाच्या रकान्यात शेवटी मुलीचं नाव टाकलं आणि पुढे जागा कोरी ठेवली. मोठ्या बाईंच्या टेबलावर कागद ठेवून त्या सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. दुपारी परत आल्यावर ती जागा भरू, तोवर काहीतरी सुचेल, असा विचार होता. दवाखान्यात बाकावर बसून त्यांना डुलकी लागली. सुचलं काही नाही.

एरवी मोठ्या बाई पत्रातल्या फक्त तारखा तपासत आणि सही करत. त्यांच्यामागे वरिष्ठांची तपासणी लागलेली, मुलींच्या स्वच्छतागृहातलं पाणी खाली वर्गात गळत असलेलं, एक शिक्षक रजेवर. पण त्या दिवशी त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. कोरी जागा बघितली, नाव बघितलं. झरणी काढून आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'शांत व सालस. आईला शोभेल अशी लेक.' आणि झेरॉक्स मशीन कधी नव्हे ते चालू आहे असं शिपाईमामांनी सांगितल्यावर कागद त्यांच्याकडे देऊन टाकला.

बाई परतल्या तेव्हा गठ्ठा टेबलावर होता, अजून कोमट. सगळं पत्र टाइप केलेलं आणि तेवढीच एक ओळ हाताची. डोळा पहिला तिथेच जाणार.

मोठ्या बाई दारात आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता पण त्या हसत होत्या. "तुम्ही संकोचाने कोरं ठेवलंत ना? मी भरून टाकलं. दोन्ही वर्षं तुम्ही तिला वगळलंत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चुकलंच माझं."

आता यावर माणसाने काय बोलावं? पुन्हा छापा म्हणावं तर कागद संपत आलेला, मशीनचा भरवसा नाही, आणि समोरच्या बाईने इतक्या गडबडीत वेळ काढून मायेने लिहिलेलं. पत्रवाल्या बाई "थँक्यू बाई" म्हणाल्या आणि गठ्ठा पिशवीत भरला.

रविवारी सकाळी त्यांनी तो टेबलावर ठेवला. लपवायचा कुठे? सोमवारी तो प्रत्येक घरी जायचाच होता. मुलीने पट्टी आणली, पहिला कागद उचलला, उलटा केला. वाचला. मग घडी घातली आणि घडीवरून पट्टी फिरवली, एरवीपेक्षा जोरात. दुसरा कागद घेतला.

बाई चहाचं भांडं घासत होत्या. घासून झालेलं भांडं पुन्हा घासत म्हणाल्या, "मी नाही लिहिलं ते."

"माहितेय. अक्षर मोठ्या बाईंचं आहे."

"मला विचारलं असतं तर…"

"तू काय लिहिलं होतंस?"

बाईंनी नळ बंद केला. "कोरं ठेवलं होतं."

"तेच तर," मुलगी म्हणाली. "तू कोरं ठेवलंस म्हणून त्यांनी भरलं."

आतल्या खोलीत नवरा वर्तमानपत्राचं पान उलटत होता, ते उलटणं थांबलं. सासूबाईंनीही पलंगावर कूस बदलली नाही.

बाई हात पुसून टेबलाशी बसल्या. बसल्यावर त्यांना वाटलं, की आता उठूच नये. त्या म्हणाल्या, की तुझ्याबद्दल खरं सांगायचं तर एकच गोष्ट होती, ही सगळी वाक्यं तुझी आहेत. डब्याच्या मुलाचं, फळ्याच्या मुलीचं, सगळ्यांचं. ते लिहिलं असतं तर वर्गातल्या मुलांनी तुला चुगलखोर म्हटलं असतं, सुट्टीआधीचे उरलेले दिवस तुला खाल्लं असतं. हे बोलता बोलताच त्यांना ते पहिल्यांदा नीट कळत होतं, म्हणून त्या मध्ये मध्ये थांबत होत्या.

मुलीने ऐकून घेतलं. घड्या थांबल्या नव्हत्या. "ते मलाही कळतं. मी तरी कुणाला सांगितलं का?" मग तिने घडीवरून पट्टी दाबून फिरवली. "पण मी तुला एवढ्या जणांचं सांगितलं. तुला माझं एकसुद्धा दिसलं नाही?"

बाई मुलीच्या चेहऱ्याकडे बघू शकेनात म्हणून तिच्या हातांकडे बघत बसल्या. हात चालले होते. कागद उलटा, खालची बाजू वर, बोटाने कड धरून तुटक रेघेवरून वळवायची, बरोबर रेघेवर घडी, पट्टी; मग उरलेल्याची दुमड, पुन्हा पट्टी. कोपरे जुळत नव्हते. कागदाच्या मधोमध दुमडला असता तर छान चौकोन झाला असता. दर वेळी वाकडंच दिसायचं ते. बाईंनी मागे कधीतरी म्हटलंही होतं, जरा कोपऱ्याला कोपरा लावावा माणसाने.

"ही घडी अशी का घालतेस?"

"कशी?"

"मधोमध का नाही घालत?"

मुलीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही पाणी ओलं का असतं असं त्यांनी विचारलं होतं. "रेघेवर घडी पडली की पोच सरळ फाटते. नाहीतर लोक कशीही ओढतात आणि सही अर्धी फाटून येते. मी सहावीत होते तेव्हा तू रात्री चिकटपट्टी घेऊन बसायचीस तुकडे जोडत. आठवत नाही?"

आठवत होतं. ते चिकटवणं कधी थांबलं, हे मात्र आठवत नव्हतं. लोकांना वळण लागलं असावं, अशी त्यांची समजूत होती.

बाई उठल्या. फ्रिजवरच्या डब्यातून बॉलपेन काढलं, चालतं की नाही ते हाताच्या तळव्यावर बघितलं. घडी न घातलेल्या गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला, मोठ्या बाईंच्या अक्षरावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूच्या जागेत बारीक लिहिलं: 'पोच नीट फाटावी म्हणून पत्राची घडी रेघेवर घालते.' कागद मुलीपुढे सरकवला.

मुलीने तो बराच वेळ वाचला. तेवढा वेळ लागण्याइतकं त्यात काही नव्हतं.

"मोठ्या बाई चिडतील."

"चिडू देत."

"सगळ्यांवर लिहिणार तू? एवढ्या?"

"मग काय तुझ्या एकटीच्या कागदावर लिहू? ज्यांच्या घरी घडी जाते त्यांना कळायला नको?" बाईंनी दुसरा कागद ओढला. "तू ती घातलेली घडी उघड."

"सालस खोडताना जरा जाड खोड," मुलगी म्हणाली. "अजून वाचता येतंय."

नवरा दारात येऊन उभा राहिला, बघून गेला, आणि थोड्या वेळाने आतून भांड्यांचे आवाज यायला लागले. त्याने भात लावला होता. त्याने लिहायला मदत करू का विचारलं, तेव्हा मुलगीच म्हणाली, की बाबा, तुमचं अक्षर कुणाला लागणार नाही. ती स्वतःही लिहायला बसली नाही. स्वतःचं स्वतः कसं लिहायचं? आई लिहायची आणि ती घडी घालायची. मध्ये सासूबाई हळूहळू चालत येऊन खुर्चीवर बसल्या, एक कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि विचारलं, की एवढी खाडाखोड कसली. मुलीने त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच? मी सांगितलं होतं ते याच्यापेक्षा बरं होतं." कुणी वाद घातला नाही.

पहिल्या काही कागदांपर्यंत अक्षर सरळ होतं. मग ओळ उतरायला लागली. खांदा आता नुसता दुखत नव्हता, तो वेगळा काढून टेबलावर ठेवावा असं वाटत होतं. वाक्य आपोआप आखडायला लागलं. 'पोच नीट फाटावी म्हणून' गळलं आणि 'पत्राची घडी रेघेवर घालते' उरलं. जेवणानंतर 'घडी रेघेवर घालते.' उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर गेली तेव्हा शेवटच्या कागदांवर 'घडी हिची' एवढे दोनच शब्द पडत होते. मुलीच्या ते लक्षात आलं. तिच्याही घड्या रेघेवरून सरकायला लागल्या होत्या.

सोमवारी पत्रं गेली. दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्यासमोर एक पत्र उघडं पडलं होतं.

"मी लिहिलेलं खोडलंत."

"हो, बाई."

"चूक होतं का त्यात काही?"

पत्रवाल्या बाई उभ्याच होत्या. त्यांना खुर्चीची पाठ धरावीशी वाटत होती. "चूक नव्हतं. पण कुणाच्याही नावापुढे चाललं असतं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. वाईट वाटलंच होतं त्यांना. त्यांनी ते लपवलं नाही. मग कागद जुन्या घडीवर मिटवला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटवला. म्हणाल्या, की ही दोन वर्षं या पोचा कशा धड येतात याचा मी विचारच केला नव्हता.

"जूनपासून घड्या कोण घालणार?"

"मीच," पत्रवाल्या बाई म्हणाल्या. "आणखी कोण?"

"मामांना सांगूया का?"

"मामा मधोमध घालतील."

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी समोरची दुसरी खुर्ची दाखवली. पत्रवाल्या बाई बसल्या. वरून पाणी गळण्याचा आवाज येत होता. मग ऑफिसातला फोन वाजला आणि पत्रवाल्या बाई तो घ्यायला उठल्या.

संध्याकाळी कुकर लावून त्या खुर्चीत टेकल्या तर मुलीने त्यांच्यापुढे कागद ठेवला. तिच्या स्वतःच्या पत्राची प्रत. आजवर या घरातली पोच कधी भरली गेली नव्हती. जी गोळा करते तीच सही कशाला करेल, म्हणून.

"सही कर. उद्या द्यायचीय."

"कुणाला? मलाच ना?"

"हो. पण वर्गातून. सगळ्यांबरोबर."

बाईंनी पेन घेतलं. त्यांच्या प्रतीवर कोणतं वाक्य आलं होतं ते त्यांनी उलटून बघितलं. शेवटच्या कागदांपैकी होता तो. 'घडी हिची', आणि अक्षर असं, की दवाखान्यातली चिठ्ठी वाटावी.

"पूर्ण वाक्याचा कागद का नाही ठेवलास? सुरुवातीचा?"

"ते लोकांना गेले. त्यांना कळायला हवं ना काय ते." मुलीने खांदे उडवले. "मला माहीत आहे."

बाईंनी सही केली. पोच घडीवर मागेपुढे दुमडली, ओढली. ती शेवटपर्यंत सरळ आली. मुलीने ती वहीत ठेवली, आणि जून यायला अजून वेळ आहे, घडी कशी घालायची ते दाखवू का, असं विचारलं.

"आज नको गं," बाई म्हणाल्या. "आज हात उचलत नाही."

"बरं," मुलगी म्हणाली. ती गेली नाही. बाजूची खुर्ची ओढून तिथेच अभ्यासाला बसली. बाईंना पाठ सरळ कर म्हणायचं होतं, पण कुकरची शिटी झाली आणि ते राहून गेलं.